वर म्हणजे चालू

माधव नगरातल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली चिनी मातीच्या फ्यूजांचा जुना लाकडी बोर्ड होता. गेल्या मार्चमध्ये तो काढून एमसीबीच्या खटक्यांची नवी पेटी बसवली. तेव्हापासून तळमजल्यावरच्या विनोदिनीताईंच्या घरातली लाइट सारखी जायची. पेटीत बिघाड नव्हता. लाइट चालू राहावी म्हणून जाता-येता ताईच आपला खटका खाली दाबून ठेवत.

विनोदिनीताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. यजमान लवकर गेले. रात्रपाळ्या करून त्यांनी एकटीने सुमीतला इंजिनीयर केलं. निवृत्तीनंतरही एकट्याच राहतात, आणि त्यांना तसंच राहायचं आहे. पण लाइटचं ऐकून सुमीत भोपाळहून त्यांना न्यायलाच आला.

"आई, एवढा एक खटका लावून दाखव. नाहीतर बॅग भर."

मी जिन्याचा कठडा धरून उभी होते. वायरमन रुचिरने ताईंचा खटका बंद केला. ताईंनी चष्मा पुसला आणि खाली असलेला खटका आणखी खाली दाबला.

"आंटीजी, ऊपर मतलब चालू," रुचिर म्हणाला.

"मग घरातलं बटण? ते खाली केलं की दिवा लागतो."

"वो अलग है."

"अलग का?"

रुचिर डोकं खाजवायला लागला. माझाही गोंधळच होता. आदल्या दिवशी डायरीत मी 'वर म्हणजे बंद' असं लिहून, खोडून, पुन्हा तेच लिहिलं होतं.

"सरक आई, मी करतो." सुमीत वैतागून पुढे झाला. सगळ्यात मोठा खटका वर होता, म्हणजे तोच बंद आहे असं त्याला वाटलं असावं. त्याने तो खाली ओढला. सगळ्या इमारतीतले पंखे थांबले.

तिसऱ्या मजल्यावरून श्रीधरराव ओरडले, "अरे, कौन है नीचे?"

"आमचे चिरंजीव," ताई वर बघून म्हणाल्या. "मला सांभाळायला आलेत."

सुमीतलाही हसू आलं. बॅगेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. संध्याकाळी देवास गेटच्या बसस्टँडवरून तो एकटाच भोपाळला परत गेला. जाण्याआधी आईच्या खटक्याशेजारी त्याने लाल पेनाने वर जाणारा बाण काढला.

ताईंनी वाकून तो बाण बघितला. मग मला म्हणाल्या, "आत्ता चालू आहे असं हा सांगतोय, की चालू कर म्हणतोय?"