ड्रम झाडणारे दाजी

निरोप स्टेशनातल्या फोनवर आला. इगतपुरीच्या पार्सल ऑफिसात मी भाज्यांच्या पाट्या उतरवून घेत होतो. एरवी चहाच्या निमित्ताने सरळ आत येऊन टेबलावर बसणारे असिस्टंट मास्तर त्या दिवशी दारातच थांबले. नाशिकरोडला माझे दाजी, किसन पगारे, सकाळी दाढी करता करता गेले होते. एका गालावर साबण तसाच राहिला होता, असं आक्काने नंतर सांगितलं. सांगताना तिला रडता रडता हसूही आलं, कारण अर्धवट टाकलेलं काम दाजींना कधीच खपलं नाही. त्याला आता सहा आठवडे होऊन गेले...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिवसा छापखान्यात नोकरी, आणि लग्नसराईत बँडमध्ये गळ्यात साइड ड्रम. मेहुण्याची थट्टा करणं हा त्यांचा हक्कच होता आणि मी त्यांना विषयही भरपूर पुरवले. मला स्वच्छतेचं वेड. वसंता अंगाचा साबणसुद्धा आधी धुऊन घेतो, असं ते चारचौघांत सांगत. पण चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर सालच्या सुमाराला ही थट्टा एकदम बंद पडली. रेल्वे फाटकाजवळ ते सायकलवरून पडले, उजवं मनगट मोडलं आणि हाड वाकडंच जुळलं. जोराने काठी मारली की कोपरापर्यंत कळ जायची. बँडमास्तर माणूस वाईट नव्हता. त्याने त्यांना काढलं नाही, हातात खुळखुळा दिला. ज्या माणसाने पंचवीस लग्नसराया बँड तालावर चालवला, तो दोन वराती मागच्या रांगेत खुळखुळा हलवत चालला आणि तिसऱ्या दिवशी गेलाच नाही. ड्रम माळ्यावर गेला. आक्काचं पोस्टकार्ड आलं, हे जेवतात, कामाला जातात, पण बोलत नाहीत. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा दाजींनी माझी एकदाही टिंगल केली नाही, तेव्हा मी खरोखर घाबरलो.

त्याच सुमारास इगतपुरीतलं एका इंजिन ड्रायव्हरचं कुटुंब परदेशी निघालं आणि त्यांच्या सामानातला रेकॉर्डप्लेअर मी विकत घेतला. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक रेकॉर्ड फुकट मिळाली. हे जाझ आहे, एवढंच ड्रायव्हरची बायको म्हणाली. तिघेच जण वाजवत होते, पियानो, एक भलंमोठं खर्जातलं तंतुवाद्य आणि ड्रम. कुठल्याशा लहानशा हॉटेलात, माणसांसमोर वाजवताना ते तसंच टिपून घेतलं होतं. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागे सर्र सर्र असा आवाज. मी म्हटलं, घाण. रिठ्याच्या पाण्याने रेकॉर्ड तीनदा धुतली. आवाज गेला नाही. मधल्या गोल कागदावरची नावं मात्र साफ धुऊन गेली. ते तिघे कोण होते, हे त्यामुळे मला आजतागायत माहीत नाही.

शेवटी प्लेअर दुरुस्तीला टाकावा म्हणून पॅसेंजरने नाशिकरोडला घेऊन आलो. आक्काकडे उतरलो आणि बिघाड काय आहे ते दाखवायला रेकॉर्ड लावली. दाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. थोड्या वेळाने ते उठून बसले.

"घाण कशी म्हणतो रे?" ते म्हणाले. "घाण तालात येती का? झाडतोय तो. ड्रम झाडतोय."

एवढं लांबलचक वाक्य त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं. आक्का स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. दाजींनी मला सुई पुन्हा मागे घ्यायला लावली आणि डोळे मिटून, वाकड्या मनगटाने हवेत गोल गोल हात फिरवला. मारायचं नव्हतंच, नुसतं फिरवायचं होतं. हात दुखला नाही.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या ब्रेकची तार उलगडून, तिचे धागे मोकळे करून त्यांनी काठ्यांच्या जागी दोन झाडण्या तयार केल्या आणि माळ्यावरून ड्रम खाली काढला. पहिले काही महिने तो आवाज ऐकवत नव्हता. घरात उंदीर झालेत असं आक्का शेजारणींना सांगायची. पण प्लेअर मी तिथंच ठेवला, आणि दर रविवारी सकाळी दाजी त्या तिघांबरोबर चौथे म्हणून बसू लागले. रेकॉर्ड त्यांनी इतकी ऐकली की तिथल्या माणसांशीही त्यांची ओळख झाली. पियानोवाला वाजवताना स्वतःशीच गुणगुणतो, हे त्यांनी मला दाखवलं. त्या खर्जाच्या वाद्यवाल्याला ते 'मोठा' म्हणत. बाकी दोघं उंडारून येतात तेव्हा हा घर सांभाळून असतो, असं त्यांचं मत. मोठा एकटा वाजवू लागला की तिथले लोक गप्पा मारत, ग्लास किणकिणत. हे वऱ्हाडीच दिसतात, असं म्हणून दाजी दरवेळी चिडत. ड्रमवाला मात्र 'आपला'. आपल्याची एकट्याची पाळी आली की तिथली कुजबुज थांबायची. एक खुर्ची करकरायची. मग नुसत्या झाडण्या, जवळजवळ शांतता... आणि मग टाळ्या.

पहिल्यांदा त्या टाळ्या ऐकल्या तेव्हा दाजींनी मला विचारलं होतं, "ह्या कुणाला?"

"ड्रमवाल्याला," मी म्हटलं.

"मधीच?"

त्यांनी सुई मागे घेऊन त्या टाळ्या पुन्हा ऐकल्या. मग म्हणाले, "आमच्या अंगावर येऊन नाचले, पिऊन शिव्या दिल्या, नोटा ओवाळल्या. टाळी कुणी नाय दिली बघ."

मला हे लक्षात होतं, म्हणून पुढची गोष्ट सांगताना लाज वाटते. दोनेक वर्षांनी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात वस्तीतल्या पोरांनी दाजींना आग्रहाने स्टेजवर बसवलं. माइक गायकापुढे, दाजी मागे. दोन मिनिटं ते जीव ओतून वाजवत होते आणि पाचव्या रांगेपलीकडे काहीच पोचत नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, पुसून झालं असंल तर वाजवा आता." सगळा मांडव हसला. मी पहिल्या रांगेत होतो. मला सगळं नीट ऐकू येत होतं आणि ते फार सुंदर होतं. मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. मी मान खाली घातली. दाजी स्वतःही हसले, घरी येताना त्यावर विनोद केले, पण घराबाहेर पुन्हा कधी वाजवलं नाही. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत कितीतरी रविवार मी त्यांच्या शेजारी बसलो. तेव्हाही कधी टाळी दिली नाही. घरच्या माणसासमोर कसली टाळी वाजवायची, असा संकोच. शिवाय रेकॉर्डमधले लोक वाजवतच होते. त्या परक्यांच्या टाळ्यांना दाजी थोडीशी मान लववायचे, आणि मी ते बघत बसायचो.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, त्यानंतरच्या रविवारी आक्का म्हणाली, लाव ती. मी लावली. ती आत भाकरी थापायला बसली. आपल्याची पाळी आली, खुर्ची करकरली, आणि मला राहवलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. आतून आक्काचा आवाज आला, "थांब. अजून संपलं नाही त्यांचं."

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि तिला मनातलं सगळं सांगून टाकलं. मांडवातली ती खाली घातलेली मान, इतके रविवार, एक टाळी नाही. ती ऐकत होती, हात चालू होते. तेवढ्यात बाहेर रेकॉर्डमधल्या टाळ्या सुरू झाल्या. आक्काने अर्धी भाकरी परातीत तशीच ठेवली आणि टाळ्या वाजवू लागली. हाताला ओलं पीठ होतं. आवाज काही येत नव्हता.

"दर रविवारी?" मी विचारलं.

"मग."

"पण आक्का, आवाज कुठं येतोय? त्यांना कसं कळणार?"

आक्काने परातीतली भाकरी पुन्हा पुढे ओढली.

"थापणं थांबायचं ना," ती म्हणाली. "ते त्यांना ऐकू जायचं."