तेल पाजलेली एअरगन

आज शिलाई मशीनमध्ये तेल सोडलं आणि त्या वासानं मला बोरसीच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात नेलं. स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या बाबांनी पपईवरची माकडं हाकलायला नवी एअरगन आणली होती. छर्रा भरायला तिची नळी खाली वाकवावी लागते. ती काही वाकेना.

"नवी मशीन जामच राहते. तेल आन वं," बाबा म्हणाले. रोलिंग मिलमध्ये अडलेल्या प्रत्येक यंत्रावर त्यांचा हाच उपाय. बंदूक तेलानं निथळली, तरी नळी हलेना. माकड भिंतीवर बसून निवांत पपई खात होतं.

"मले द्या बाबा," म्हणत मी नळी दाबली. ती कट्कन वाकली. क्षणभर मी खूश झाले, मग बाबांकडे पाहिलं.

कुपी उचलून उरलेलं तेल ते स्वतःच्या मनगटांवर चोळत होते.