शॉकअप आणि मागच्या सीटवरची उशी

मंडळी, दिवसभर मतदारयाद्या करून डोकं उठलं होतं. शाळा सुटल्यावर तलासरीतच गाडी दाखवली. मेकॅनिकने मागचा कोपरा दाबून सोडला, तर गाडी डोलतच राहिली.

"सर, दोन्ही शॉकअप संपलेत. रिपेअर करू की नवे टाकू?"

"रिपेअरच कर. मला तर काही जाणवत नाही."

त्याने मागचं दार उघडलं. "मग ही उशी कोणाची?"

आमच्या राऊत मॅडमची. डहाणूहून रोज माझ्याच गाडीतून शाळेत येतात, मागे बसतात. मला वाटायचं, वय झालं म्हणून उशी.

आज त्या रजेवर. तिथूनच फोन लावला. "मॅडम, मागे इतके दणके बसतात, कधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही नेलंच नसतं तर?"

नवेच टाकायला सांगितले.

तुमच्या मागच्या सीटवर बघा, उशी आहे का?