गॉल्गी संकुल आणि पाच सुपं

तळा गावातल्या एका शाळेत विज्ञान शिक्षिकेची जागा निघाली, तेव्हा मला नोकरीची फार गरज होती. निवड समितीसमोर आठवीच्या वर्गावर पाठ घ्यायचा होता. विषय दिला पेशीतलं गॉल्गी संकुल. पुस्तकात त्याचं वर्णन म्हणजे एकावर एक रचलेले चपटे, पोकळ कोश. एवढ्यावरून ज्याला काही कळलं, त्याला मी साष्टांग नमस्कार घालीन.

आम्ही दिवेआगरजवळचे कोळी. आई मासळी सुकवून विकते. तिची पाच सुपं आणि बोंबील-जवळ्याची पिशवी घेऊन मी एसटीत बसले. सुक्या मासळीला वास असतो, ही बातमी आमच्या घरात अजून पोचलेली नाही. त्यातून महिना श्रावणाचा.

पाठ मात्र रंगला. सुपं एकावर एक रचली. पेशीत तयार झालेली प्रथिनं इवल्या पिशव्यांतून एका बाजूने या कोशांत येतात. पुढे सरकताना कुणाला साखर जोडली जाते, कुणाचा तुकडा कापला जातो. मग निवडानिवड होऊन, पुन्हा पिशव्यांत भरून, ती दुसऱ्या बाजूने आपापल्या ठिकाणी रवाना होतात. आईचंही तेच चालतं. अख्खे बोंबील माणगावच्या बाजारात, मोडके घरात, चुरा कोंबड्यांना.

एक मुलगी म्हणाली, "म्हंजी प्रथिनं बनवायचं काम दुसऱ्याचं, ही गॉल्गी निसती नीट करून धाडते. व्हय ना बाई?"

इतकं नेमकं मला बी.एड.लाही कुणी सांगितलं नव्हतं.

समितीचे तिघे मागच्या बाकावर नाकाला रुमाल लावून ज्ञानग्रहण करत होते. अध्यक्ष उठले. "बाई, शाळेचं पावित्र्य म्हणून काही असतं. श्रावण आहे."

माझ्यानंतरच्या उमेदवार बाईंनी गुळगुळीत रंगीत तक्ता आणला होता. त्यातले बाण उलटे होते. प्रथिनं पेशीच्या बाहेरून येऊन आत शिरत होती. रुमाल खिशात गेले आणि समितीला तक्ता फार स्वच्छ वाटला.

निघताना अध्यक्षांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज एकदम खाली आला होता. "ते बोंबील परत कशाला नेता? ठेवून जा. श्रावण संपला की होतील."

मी दिले. वर जवळाही दिला. नोकरी मिळेल या आशेने, हसून दिला. जागा तक्तेवाल्या बाईंना मिळाली, ते मी केव्हाच सोडून दिलं. त्या हसण्याची मात्र मला आजही चीड येते.