आईच्या कानातले डूल

"ठेव ते खाली!"

शेठजी ओरडला तेव्हा डूल माझ्या कानाशीच होता. सेलूच्या सराफाचं दुकान. मी तिसरीत असेन. मावशीचं लग्न ठरलं होतं, म्हणून आई चांदीचे जोडवे घ्यायला आली होती, आणि मी तिचा पदर धरून मागे. काचेवर कोणीतरी पाहून ठेवलेले सोन्याचे डूल पडले होते. समोर आरसा. मी एक उचलला, कानाला लावून पाहिला. एवढाच गुन्हा.

शेठजी आम्हाला ओळखत होता. आई त्याच्याच शेतात निंदायला जायची. आम्ही बौद्ध, गावाच्या कोणत्या टोकाला राहतो, सगळं त्याला ठाऊक.

"काऊन हात लावला वं तुह्या पोरीनं?"

"लेकरू हाय, शेठजी. समजत नाई तिले," आई म्हणाली. आणि हसली. ते हसू मला अजून सहन होत नाही.

त्यानं डूल हातानं उचलला नाही. चिमट्यानं उचलला. दिव्याच्या ज्योतीवर धरला आणि फुंकणीतून फुंकर घातली. ज्योत सूंऽ करून वाकली. सोनं लाल झालं. दुकानातली माणसं बघत राहिली.

"सोन्याले विटाळ नसते म्हंतेत," तो त्यांना म्हणाला, "पन गिऱ्हाईकाच्या मनाले असते ना!"

माणसं हसली. आईनं जोडवे पदराला बांधले आणि आम्ही निघालो. तिच्या कानात कडुलिंबाच्या काड्या होत्या, भोकं बुजू नयेत म्हणून. कधीतरी सोनं येईल, या आशेवरच्या काड्या.

पुढे लग्न होऊन मी टोरांटोला गेले. तिथं एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात झाडपूस धरली. झाडता झाडता बघायला लागले, बघता बघता हात चालायला लागला. माझा पहिला डूल तयार झाला तेव्हा म्हाताऱ्यानं तो उचलून सरळ माझ्या कानात घातला. डूल टेबलावर कळत नाही, कानात कळतो, असं तो म्हणाला. मी आरशात पाहिलं. काढला. आणि काय केलं? चिमट्यात धरून सोनं तापवायचा गॅसचा टॉर्च पेटवला.

सूंऽ.

जोड वितळला. डुलाचे दोन तुकडे होऊन खाली पडले. "का?" म्हाताऱ्यानं विचारलं. मी तुकडे वेचत राहिले. साता समुद्रापार गेले, पण शेठजी माझ्या मनगटात बसून सोबत आला होता.

आता लोक मला डिझायनर म्हणतात. नवरा तिकडेच आहे, ती गोष्ट वेगळी. मी परत आले, सेलूपासून जवळच सिंदी मेघेत खोली घेऊन काम मांडलं, आईला आणलं. पण टॉर्च पेटवला की आधी आईचं ते हसू डोळ्यांसमोर येतं. रोज.

गेल्या महिन्यात तिच्यासाठी डूल घडवले. काड्या काढून घातले. ती आरशासमोर बसून राहिली.

त्याच दिवशी शेठजीचा मुलगा आला. शेठजी आता नाही, दुकान मात्र दुप्पट झालंय. माझं काम त्याला दुकानात ठेवायचं होतं. मलाही हवं होतं, खोटं कशाला बोलू? त्याच काचेखाली माझे डूल मला बघायचे होते.

माणूस गोड बोलणारा. चहा प्याला. मग त्याची नजर आईच्या कानांवर गेली.

"असेच पायजेत, ताई. हेच द्या ना नमुन्याले."

मी तोंड उघडायच्या आत आईनं डूल काढले. त्याच्या हातात नाही दिले, टेबलावर ठेवले. टॉर्च माझ्याकडे सरकवला.

"जाळून दे वं बाई. मी घातलते."

तो ओशाळला. "तसं काई नाई, मावशी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पन करून घ्या, ताई. गिऱ्हाईकाले कोरंच लागते."

आई चाचपडत तिच्या काड्या शोधत होती. मला संताप आला.

मी डूल हातानं उचलले. तिच्या कानात परत घातले.

"काढ वं, मानूस बसला हाय," ती कुजबुजली.

"हे जळनार नाई," मी त्याला म्हटलं. "माह्या हातचा एकेक डूल आंधी माह्या मायच्या कानात जाईन, मंग गिऱ्हाईकाच्या. दुकानात तसं लिवून लावा. जमत नसन तर निंघा."

तो निघाला. पाटी काही लावली नाही त्यानं.

आई अजून रुसलेली आहे. घरी आलेल्याला असं बोलतात का, म्हणते. झोपताना डूल काढते आणि पदरानं पुन्हा पुन्हा पुसते. मी बघते.

तो सूं आवाज गेलेला नाही, जाणारही नाही. त्याच आवाजात मी सोनं घडवते. डूल झाला की हाक मारते, "माय, ये." ती कुरकुरत येते. मी तो तिच्या कानात घालते, आरसा धरते. मग काढून तसाच डबीत ठेवते.

ज्याला चालत नाही, त्याच्यासाठी मी घडवत नाही.