सोमवारची दुसरी मूठ

चिवड्याच्या प्लँटमध्ये माणूस आठ वर्षं सुपरवायझर राहिला की त्याच्याकडं दोन गोष्टी आपोआप साठतात. एक पोट आणि दुसरे किस्से! पोटाचं डॉक्टर बघतील. किस्से मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचा प्लँट परभणीहून गंगाखेडला जाताना लागतो. बावीस बाया, एक वॉचमन आणि मी. बायांच्या पुढारी गयाबाई. त्या चुडाव्याहून रोज रेल्वेनं येतात आणि मला रोज काहीतरी शिकवून जातात.

*

सुनीता नवीन लागली तेव्हाची गोष्ट. पहिल्याच दिवशी मी बजावलं, "टोपीच्या बाहेर एक केस दिसायला नको!"

दुसऱ्या दिवशी पोरगी आली. टोपी पार कानाच्या खाली ओढलेली, एक केस बाहेर नाही. आणि टोपीवरून पिना लावून हा एवढा मोगऱ्याचा गजरा!

"सुनीता, हे काय?"

"सर, तुमी केसाचं म्हणले होते. गजऱ्याचं कुठं म्हणले?"

नियमांच्या बोर्डवर त्याच दिवशी एक ओळ वाढली.

*

आमचे वॉचमन मारोतीमामा. ज्याला मिशी त्यानं तोंडाला जाळी लावूनच आत जायचं, हा नियम त्यांना तोंडपाठ. एकदा खुद्द मालक आले. त्यांच्या मिशा दोन्ही बाजूंनी पीळ दिलेल्या, जाळीत काही केल्या मावेनात. मामा दारात आडवे.

"मालक, तुमी खुशाल आत जावा. मिशा तेवढ्या हितं ठेवा!"

मालक तसेच गाडीत बसून गेले. मला वाटलं, मामांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी मालक आले. मिशा सफाचट!

*

पाकिटात धातूचा कण असला की भोंगा वाजवणारं एक मशीन आहे. खंडेनवमीला बायांनी त्याची साग्रसंगीत पूजा केली. आरती झाली आणि सुनीतानं निरांजनासकट स्टीलचं ताट पट्ट्यावर ठेवलं. तेवढ्यात कुणाचा तरी बटणाला धक्का लागला. ताट निघालं आत, आणि भोंगा असा कोकलायला लागला की मी जेवण टाकून पळत आलो.

गयाबाई हात जोडून उभ्या.

"थांबा सर, बंद करू नका! इतक्या वर्षांत देव आज बोलायलाय!"

*

आता ऑडिटचं सांगतो. हे सांगताना मला हसू आणि लाज दोन्ही येतं.

एका मोठ्या कंपनीची ऑर्डर यायची होती. आली तर बावीसच्या बावीस बाया कामावर, नाही तर निम्म्या घरी. मालकांनी तसं सरळ सांगितलं होतं. सुनीता सगळ्यात नवीन, म्हणजे घरी जाणाऱ्यांत पहिली तीच. आणि त्या कंपनीचे ऑडिटरसाहेब तपासणीला आले ते नेमके श्रावणी सोमवारी.

श्रावणी सोमवारी आमच्या सगळ्या प्लँटला उपास. मलाही. म्हणजे, मी तसं सांगून ठेवलेलं! गयाबाई कौतुकानं माझ्यासाठी डब्यात भगर आणायच्या. मी ती खायचो आणि मग सॅम्पल मोजायच्या नावाखाली सॅम्पलच्या खोलीत दार लावून चिवडा हाणायचो. काय करणार, मला भूक आवरत नाही हो!

साहेबांनी टोप्या बघितल्या, जाळ्या बघितल्या, भोंगा वाजवून बघितला. सगळं ठीक. मग चवीचं रजिस्टर उघडलं. प्रत्येक घाणा दोघांनी चाखायचा, असा नियम. गेल्या सोमवारच्या पानावर गयाबाईंची सही, सुनीताची सही आणि शेरा, 'मीठ बरोबर'.

"आज उपास आहे ना तुमचा?" साहेबांनी विचारलं.

"हौ सायब," गयाबाई म्हणाल्या.

"गेल्या सोमवारी?"

"तवा बी होता."

"मग चाखलं कोणी?"

मास्कच्या वर सुनीताचे डोळे भरून आले. ऑर्डर गेली, असंच मला वाटलं.

"सर चाखतेत की!" गयाबाई म्हणाल्या.

मी माझी टोपी कानाच्या खाली ओढली.

"दर सोमवारी सॅम्पलच्या खोलीत जातेत. काचंतून दिसतंय. एक मूठ खाऊन पाणी पिलं की मीठ जास्त. दुसरी मूठ घेतली की बरोबर. मग आमी दोघी सही करतो. आज बी दोन मुठी झाल्या!"

बावीस मास्क हलायला लागले.

"गयाबाई, तुम्हाला कधीपासून माहीत?" मी कसंबसं विचारलं.

"पैल्या श्रावणापासून. नुसती भगर खाऊन माणूस इतका खूश दिसत नसतो, सर!"

साहेब हसले नाहीत. "हे एकट्याचं झालं. नियम दोघांचा आहे. दुसरा कोण?"

शेवटी सुनीता पुढं आली. "मी मोडते उपास, सायब." गयाबाईंनी तिचा हात धरून तिला मागं ओढलं.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, रजिस्टर मिटलं आणि मला म्हणाले, "सॅम्पलची खोली दाखवा."

आत गेल्यावर दार त्यांनीच लावलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "सकाळपासून दोन केळ्यांवर आहे हो. बायकोनं धरायला लावलाय. त्या काचेला पडदा नाही का?"

पडदा नव्हता.

त्या दिवशीचं पान मी अजून काढून बघतो. अक्षर गयाबाईंचं. 'चाखणारे दोन. सरांनी दुसरी मूठ घेतली. सायबांनी तिसरी बी घेतली. मीठ बरोबर.'

खाली साहेबांची सही आणि शिक्का, 'मंजूर'.