टोपी काढायची राहिली

अमावास्येच्या रात्री माणसं सहसा घराबाहेर पडत नाहीत. आम्ही मुद्दाम तीच रात्र धरायचो. चंद्र नसला की दादाचे तारे फोटोच्या काचेवर स्वच्छ उतरत. चळवळीचं वर्ष होतं आणि युद्धही चाललं होतं. लोणावळ्याच्या दिव्यांना काळे कागद लावले होते. इतकं काळं आकाश आपण जन्मात पाहिलं नव्हतं, असं दादा खुशीत म्हणायचा. मला त्या काळोखाची भीती वाटायची.

दादा माझा थोरला भाऊ. रेल्वेत तारबाबू होता, आणि वडील गेल्यापासून घर त्याच्याच पगारावर चाललं होतं. पुण्याच्या एका फोटोवाल्याने मोडीत काढलेला लाकडी कॅमेरा त्याने आणला होता. वलवणच्या धरणामागच्या टेकडीवर तो तिवई रोवायचा, कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला करायचा आणि भिंग उघडं टाकून तासन् तास बसून राहायचा. पृथ्वी फिरते तसे तारे सरकतात, आणि काचेवर प्रत्येकाची एक रेघ उमटते. ध्रुवाभोवती अशा गोल रेघाच रेघा.

भिंगाचं झाकण कधीच हरवलं होतं. म्हणून दादा मधूनमधून आपली काळी टोपी भिंगावर अडकवायचा. टोपी असेल तेवढा वेळ रेघ तुटायची. कोणता तारा केव्हा कुठे होता, हे त्याला त्या फटीवरून मागाहून मोजता येई.

"सरकारी चाकराची टोपी," मी टोमणा मारायची. "एकदा पांढरी घाल की."

"पांढरीतून उजेड आत जातो."

"जाऊ दे की जरा."

"तू तुझी पत्रकं वाच बाई. मला माझं काम करू दे."

पत्रकं मी नुसती वाचत नव्हते, लिहीतही होते. कार्बन घालून, अंगठा निळा होईपर्यंत. ध्रुवासारखे अढळ राहा, भिऊ नका, हे माझं आवडतं वाक्य. ते लिहिणारी मुलगी रात्री परसात जायला आईला सोबत नेत असे, हे आमच्या आळीला ठाऊक होतं. दादा एकदा म्हणाला, "लोकांना सांगतेस भिऊ नका, मग ये टेकडीवर." तेव्हापासून मी जाऊ लागले. कंदील तेवढा माझ्या हातात, तोही विझवलेला.

त्या रात्री थंडी फार होती. खाली धरणाचं पाणी दिसत नव्हतं, पण ते तिथे आहे हे अंगाला कळत होतं. मुंबईची मेल घाटाकडे गेली, तिची शिट्टी डोंगरात घुमत राहिली. "ते बघ," दादा म्हणाला, "सप्तर्षींचे पहिले दोन वर आले." त्याने भिंगावर टोपी अडकवली, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे कारवीच्या झुडपांत काहीतरी मोडलं.

मी ओरडले नाही, ओरडायला श्वासच नव्हता. दादाचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि खाली बसले. पुन्हा मोडल्याचा आवाज, मग कोणी खोकलं.

"कोन हाय तितं?" काळोखातून आवाज आला. "पोरी, भिऊ नगंस. म्या हाय. रेडकू सुटलंया माजं, ते हुडकतोय."

खालच्या ठाकरवाडीतले आबा होते. आम्ही त्यांना ओळखत होतो. ते जवळ आले, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "आजूनबी चांदन्याच मोजताय व्हय भाऊ? संपल्या न्हाईत का?" आणि हसले. माझं अंग मात्र थांबेना. दात वाजत होते. दादाने मला आपलं घोंगडं दिलं, पाठीवर हात ठेवून बसला, आबाही थोडा वेळ थांबले आणि मग रेडकाला हाका मारत उतरले. पुष्कळ वेळाने दादा एकदम उठला. "अरे, टोपी काढायची राहिली." मग म्हणाला, "भली मोठी फट पडणार. तुझ्या नावाची."

सकाळी फौजदार आले.

रात्री मेल गेल्यावर लगेच मळवली स्टेशनच्या अंगाला रेल्वेच्या तारा तोडल्या होत्या. सगळ्या नव्हे, नेमक्या हव्या त्याच. जाणकाराचंच काम, असं त्यांचं म्हणणं. दादाला रात्रपाळी नव्हती आणि तो घरीही नव्हता, हे शेजाऱ्यांकडून त्यांना आधीच कळलं होतं. दादाने अंगात कोट घातला आणि त्यांच्या शिपायाबरोबर तो निघाला. मागे वळून म्हणाला, "काचेला हात लावू नका. आत आहे अजून." आई दारात उभी राहिली. मग आत गेली, तांदळाच्या डब्यातून माझी पत्रकं काढली आणि बंबात घातली. ती तिला ठाऊक आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.

तारा तोडणाऱ्यांना काय शिक्षा होतात, हे मीच पत्रकांत लिहीत होते. सक्तमजुरी. फटके. लिहिताना माझं रक्त उसळायचं. आता तेच शब्द दादाच्या अंगावर पडणार होते. त्याने तारा तोडल्या असत्या तर मी मान ताठ ठेवली असती, निदान तसं मला वाटतं. पण त्याने तोडल्या नव्हत्या.

दुपारी फौजदार पुन्हा आले. बरोबर शिपाई, आणि शिपायामागे ठाकरवाडीतले आबा. मी टेकडीचं सगळं सांगितलं होतं म्हणून त्यांना आणलं होतं.

"काय म्हातारबा, दिसले होते का हे?"

आबा जमिनीकडे बघत होते. "म्या न्हाई बगितलं कुनाला. म्या निजलो व्हतो."

"आबा," मी म्हणाले.

"निजलो व्हतो, मायबाप."

मला राग आला. मी त्यांना खडसावणार होते, सत्य, स्वाभिमान, सगळे शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात त्यांच्या गुडघ्यांकडे लक्ष गेलं. माझे काल जसे लटपटत होते तसेच ते लटपटत होते. त्यांना बोलावून आणताना वाटेत काय सांगितलं असेल कोण जाणे.

"तारा तुटतात आणि तारबाबू तारे मोजतो," फौजदार म्हणाले. "गोष्ट छान आहे." त्यांनी कॅमेरा ओढून घेतला. काचेच्या चपट्या पेटीचा पत्रा ते वर सरकवणार, तोच मी त्यांच्या हातावर हात ठेवला. पोलिसाच्या हातावर. आईने तोंडाला पदर लावला.

"उजेड लागला तर सगळं जाईल, साहेब. दादा तिथे होता हे यातच आहे."

"यात दादाचा फोटो आहे?"

"नाही. टोपीचा आहे. म्हणजे टोपी नव्हती तेव्हाचा." माझं मलाच कळेना काय बोलतेय. मग एकेक करून सांगितलं. रेघा, फटी, टोपी. "ही काच दादाने पाहिलेली नाही. मी नाही, कोणीच नाही. तुम्ही आधी त्याला विचारून या, टोपी किती वेळा घातली, आणि त्या वेळी काय झालं. मग मी तुमच्यासमोर काच धुते."

फौजदार पेटी काखेत मारून गेले, आणि दिवेलागणीला ती तशीच बंद घेऊन आले.

न्हाणीघराच्या खिडकीला आईने गोधडी लावली. कंदिलाला लाल कागद गुंडाळला. फौजदार पाटावर बसले, बंबाला पाठ टेकून. शिपाई दाराशी उभा राहिला. त्या लाल उजेडात मला बंबाच्या तोंडाशी कागदाचा एक न जळलेला कोपरा दिसला, त्यावर माझं अक्षर. फौजदारांचा बूट त्याच्यापासून वीतभर. आईनेही पाहिलं. ती "पाय अवघडले हो" म्हणत पुढे झाली आणि त्या कोपऱ्यावर लुगडं पसरून बसली.

दादाने शिकवलं होतं तशी मी काच ताटलीतल्या औषधात सोडली. औषध जुनं होतं, काचाही जुन्या. काहीच उमटलं नाही तर? हात इतका कापत होता की ताटली आपोआप हलत होती, काच धुताना ती हलवावीच लागते म्हणून कोणाला कळलं नाही. काच कोरीच राहिली. मी मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. देवाला न मानणाऱ्या मुलीने बोलू नये असं बरंच काही होतं ते.

मग एक काळी रेघ आली. तिच्या शेजारी दुसरी. उलट्या चित्रात आकाश पांढरं असतं आणि तारे काळे. रेघा वाकत गेल्या, गोल भरत गेले, खाली डोंगराची कड निघाली. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोतून काढून, पाण्यात खळबळून मी काच कंदिलासमोर धरली. सगळ्या रेघांत एक बारीक फट होती. पुढे एक मोठी. डोंगराच्या कडेशी नुकत्याच सुरू झालेल्या दोन आखूड रेघा होत्या, सप्तर्षींचे पहिले दोन. मोठी फट त्यांच्यातही होती.

फौजदारांनी खिशातून दादाची जबानी काढून वाचली. "दोनदा घातली. दुसऱ्या वेळी मेल नुकतीच गेली होती, सप्तर्षींचे पहिले दोन तारे वर आले होते. बहीण घाबरली, म्हणून टोपी काढायची राहिली." त्यांनी काच पुन्हा पाहिली. "पण टोपी तू घातलीस आणि सकाळी त्याला सांगितलंस, असं का नसेल? तू टेकडीवर, तो मळवलीला."

"मी एकटी?" मी म्हणाले. "त्या टेकडीवर? अमावास्येला?" आणि जे मी कधी कुणापुढे कबूल केलं नसतं ते सरकारच्या माणसापुढे मोठ्याने सांगितलं. "मला भीती वाटते, साहेब. मी फार भित्री आहे. विचारा कुणालाही."

दाराशी शिपाई खाकरला. तो आमच्याच आळीत राहायचा. "व्हय साहेब. ही पोरगी परसात बी एकली जात न्हाई. आईला कंदील धरून हुबी करती. आमी लय हसतो."

फौजदारही हसले. आई हसली नाही. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, आणि त्याच वेळी आत काहीतरी सैल झालं.

त्या रात्री मेलच्या वेळेला ते स्वतः टेकडीवर जाऊन ते दोन तारे कुठे असतात हे बघून आले, असं शिपायाने मागाहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दादा घरी आला. गालावर वळ होता. पाणी प्यायला, बसला आणि आधी हेच विचारलं, "काच कशी आली?"

काच फौजदारांनी ठेवून घेतली होती, कॅमेराही. दादाने ती कधीच पाहिली नाही. मी बंबातली राख परातीत घेतली आणि बोटाने त्याला काढून दाखवलं. हे गोल, ही तुझी फट, ही माझी.

"आणि ध्रुव?"

"त्याचीही छोटी रेघ आली आहे, दादा. तोही हललाय."

"हलणारच," तो म्हणाला. "थोडा हलतो तो." मी त्या राखेकडे बघत राहिले. हीच राख कालपर्यंत माझं ते आवडतं वाक्य होती.

पुढे काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्यावर बुटांचा आवाज आला. आईने हात पुढे करून परातीतली राख सारखी केली. बूट आमच्या दाराशी मंदावले. आम्ही तिघंही श्वास धरून ते पुढे जाण्याची वाट बघत राहिलो.